हॉस्पिस निवडताना तारे कुठे बघायचे आणि फोन कधी करायचा

सासऱ्यांना (आम्ही सगळे त्यांना बाबाच म्हणायचो) हार्ट फेल्युअरसाठी वर्षभरात पाचव्यांदा ॲडमिट केलं तेव्हा हॉस्पिटलची केस मॅनेजर खोलीत आली, खुर्ची ओढून बसली आणि तिने हॉस्पिसचा, म्हणजे आता बरं होणार नाही अशा माणसाला शेवटच्या काळात आराम देणाऱ्या सेवेचा, विषय काढला. बोलली फार चांगलं, पण जाताना एक झेरॉक्स हातात ठेवून गेली, त्यावर अकरा हॉस्पिसची नावं आणि फोन नंबर, आणि म्हणाली उद्या दुपारपर्यंत सांगा म्हणजे बेड, ऑक्सिजन सगळं घरी पोचवता येईल. आम्ही न्यू जर्सीत पंचवीस वर्षं राहतोय, घर घेताना बावीस घरं बघितली, गाडी घेताना नवऱ्याने तीन महिने स्प्रेडशीट केली, आणि हे ठरवायला एक रात्र.

मी नर्स नाही की डॉक्टर नाही, अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे आकडे दिसले की मला जरा धीर येतो. त्या रात्री जे वाचलं आणि नंतरच्या चार महिन्यांत जे घरात बघितलं ते सगळं इथे लिहितेय, कारण आपल्याकडची जी मंडळी सत्तरच्या दशकात इकडे आली ती आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि महिन्याआड कुणाचा तरी फोन येतोच की तुम्ही कसं ठरवलं होतं गं.

आधी एक गैरसमज. सांगलीहून आत्यांचा व्हिडिओ कॉल आला, पहिला प्रश्न, "दादाला कुठे ठेवणार आहात?" त्यांची चूक नाही, आपल्या डोक्यात हॉस्पिस म्हणजे एक जागा असते. मुंबईत बांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, तिथे पेशंटला नेतात, ठेवतात. अमेरिकेत मात्र हॉस्पिस ही बहुतांशी घरी येणारी सेवा आहे. पेशंट आपल्याच घरात किंवा नर्सिंग होममध्ये असेल तिथेच राहतो आणि नर्स, आंघोळ घालणारी एड, सोशल वर्कर, चॅप्लेन (मनाला आधार द्यायला येणारा धर्मगुरू), औषधं, बेड, ऑक्सिजन, डायपर हे सगळं त्याच्याकडे येतं. पण चोवीस तास कुणी बसत नाही हां, हे आधीच मनात पक्कं करा. नर्स आठवड्यातून दोनेक वेळा येते तास-पाऊण तास, एड दोन-तीन वेळा, बाकीचा सगळा वेळ आपणच. म्हणून आपल्याला नड पडते तेव्हा हे लोक किती पटकन येतात यावरच हॉस्पिस चांगलं की वाईट ते ठरतं, बाकी सगळं त्याच्या मागून.

नियम थोडक्यात सांगते. मेडिकेअरने, म्हणजे ६५च्या पुढच्यांच्या सरकारी आरोग्य विम्याने, हे १९८३ पासून सुरू केलं. दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं की आजार त्याच्या नेहमीच्या गतीने गेला तर सहा महिने किंवा कमी, आणि पेशंटने सही करायची की या आजारावर बरं करणारे उपचार आता नकोत, आराम हवा. सहा महिने ही एक्स्पायरी डेट नाही. पहिले ९० दिवस, मग आणखी ९०, मग ६०-६० दिवसांनी कितीही वेळा वाढवता येतं. जिमी कार्टर फेब्रुवारी २०२३ मध्ये हॉस्पिसमध्ये गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये, शंभर पूर्ण करून, वारले. खर्च जवळजवळ शून्य, औषधामागे जास्तीत जास्त ५ डॉलर घेऊ शकतात आणि रेस्पाइटचे (घरच्यांना विश्रांती म्हणून पेशंटला थोडे दिवस दुसरीकडे ठेवतात त्याचे) ५ टक्के, बस. आणि बाबांचं मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे खाजगी कंपनीमार्फत घेतलेलं मेडिकेअर, होतं तर आम्हाला वाटलं नेटवर्कमधलंच घ्यावं लागेल, तर तसं नाहीये, हॉस्पिसचं बिल मूळ मेडिकेअरच भरतं, त्यामुळे मेडिकेअरची मान्यता असलेलं आणि तुमच्या भागात येणारं कुठलंही चालतं. म्हणजे झेरॉक्सवर नसलेलं बारावंसुद्धा.

(व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना यातलं काही लागू नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ६५ वय आणि सलग पाच वर्षं इथे राहणं झालं की मेडिकेअर विकत घेता येतं, ते आधी बघून ठेवा.)

आता पैशाचा हिशोब, कारण पुढचे सगळे आकडे त्याच्यामुळे कळतात. मेडिकेअर हॉस्पिसला दिवसाचे पैसे देतं, भेटीचे नाही. घरी असलेल्या पेशंटमागे सुरुवातीचे दोन महिने रोज साधारण सव्वादोनशे डॉलर, नंतर थोडे कमी. त्या दिवशी नर्स दोनदा आली तरी तेवढेच आणि कुणीच नाही आलं तरी तेवढेच. आता सांगा, धंदा म्हणून बघितलं तर कुणाला काय परवडतं? जास्त दिवस जगणारा, कमी त्रास असलेला, फोन न करणारा पेशंट परवडतो. डिमेन्शियाचा शांत पेशंट वर्षभर ठेवला तर उत्पन्नच उत्पन्न, आणि कॅन्सरचा शेवटच्या दहा दिवसांचा पेशंट, त्याला रोज नर्स, रात्री नर्स, औषधं बदल, तो महागात जातो. सगळी हॉस्पिस असा विचार करतात असं अजिबात म्हणणं नाही माझं, आमच्याकडे आलेल्या नर्सबाई देवमाणूस होत्या. पण व्यवस्था अशी आहे म्हणून तुलना करताना शोधायचं हे की जिथे यायला यांचा खर्च होतो तिथे हे लोक येतात का.

तुलना करायची जागा म्हणजे मेडिकेअरची केअर कम्पेअर ही साइट. झिप कोड टाकायचा, हॉस्पिस निवडायचं, त्या भागात येणारी सगळी दिसतात आणि तीन शेजारी-शेजारी ठेवून बघता येतात. मी रात्री साडेअकराला बसले, अकरा नावं टाकली, आणि पहिल्या वीस मिनिटांत मला वाटलं की ही सगळीच उत्तम आहेत, कारण जिकडे बघावं तिकडे ९८ टक्के, ९९ टक्के, १०० टक्के.

तर हे पहिलं लक्षात ठेवा. ॲडमिशनच्या वेळी काय-काय विचारलं याचा जो आकडा आहे, म्हणजे दुखतंय का विचारलं, दम लागतो का विचारलं, सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबून सुरू करणं) हवा का विचारलं, श्रद्धा-बिद्धा काय ते विचारलं, तो बहुतेक सगळ्यांचाच शंभरच्या जवळ असतो. फॉर्म भरला की मार्क मिळाले. शाळेत वहीला कव्हर घातल्याचे मार्क असायचे ना, तसं. हा आकडा कमी असेल तर जरूर दचका, पण जास्त असेल तर काही कळत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून मेडिकेअरने माहिती गोळा करायची पद्धतच बदललीय, होप नावाचा नवा फॉर्म आलाय, त्यात ॲडमिशननंतर मध्येही पेशंटला तपासून लिहायचं असतं आणि त्रास जास्त असेल तर दोन दिवसांत परत बघायचं असतं. त्याचे आकडे येतील तेव्हा ते जास्त उपयोगी पडतील असं वाटतं.

मग तारे, म्हणजे पाचपैकी रेटिंग. हे पेशंट गेल्यानंतर घरच्यांना जो सर्व्हे पाठवतात त्यावरून येतात, साइटवर तारे २०२२ पासून दिसायला लागले. सर्व्हे चांगला आहे, प्रश्न बरोबर आहेत: मदत मागितली तेव्हा वेळेवर मिळाली का, दुखणं कमी करायला पुरेशी मदत झाली का, औषध कसं द्यायचं, कुशीवर कसं वळवायचं हे तुम्हाला शिकवलं का, माणसाला मानाने वागवलं का. पण दोन-तीन गोष्टी कळल्याशिवाय तारे बघू नका. एक, किमान ७५ सर्व्हे भरून आले तरच तारे मिळतात, त्यामुळे कितीतरी हॉस्पिसच्या पुढे तारेच नसतात, आमच्या अकरापैकी पाचांना नव्हते, आणि तारे नसणं म्हणजे वाईट असणं नाही, लहान असणं किंवा नवं असणं. दोन, आकडे दोन वर्षांचे एकत्र करून, तेही बऱ्याच उशिराने लावतात. मधे कंपनी विकली गेली, मालक बदलला, नर्सेस सोडून गेल्या, तरी जुने तारे तसेच चमकत असतात. आणि तीन, साइटवर टक्के दाखवतात ते फक्त सगळ्यात वरच्या उत्तराचे. मदत वेळेवर मिळाली का याला उत्तरं चार असतात, कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा आणि नेहमी, तर मोठ्या अक्षरात जो आकडा दिसतो तो फक्त "नेहमी" म्हणणाऱ्यांचा.

म्हणून तारे एकदा बघून घ्या आणि मग खाली जाऊन सुटे आकडे बघा. मानाने वागवलं का, मानसिक आधार दिला का, याचे आकडे देशभर साधारण नव्वदीच्या आसपास असतात, सगळेच गोड बोलतात. फरक पडतो तो वेळेवर मदत, दुखणं आणि घरच्यांना शिकवणं या तीन ठिकाणी, तिथे देशाची सरासरीच पंचाहत्तरीच्या जवळपास आहे आणि एक हॉस्पिस ६५ तर दुसरं ८५ असा फरक दिसतो. मी तीन कॉलमची यादी केली ती याच तीन गोष्टींची.

आणि घरच्यांना शिकवणं हे मला त्या रात्री सगळ्यात बिनमहत्त्वाचं वाटलं होतं, कबूल करते. वाटलं नर्स येणार आहे ना, आपल्याला काय शिकायचंय. मग बाबा घरी आले, लिव्हिंग रूममध्ये देवघराच्या समोर बेड लावला, आणि दुसऱ्या दिवशी कुरिअरने एक छोटं पाकीट आलं, त्याला कम्फर्ट किट म्हणतात, ते फ्रीजमध्ये ठेवायचं. आत लिक्विड मॉर्फिनची छोटी बाटली, घाबरं झालं तर द्यायची गोळी, मळमळीचं औषध, घशात घरघर झाली तर जिभेखाली टाकायचे थेंब, बद्धकोष्ठाची सपोझिटरी. आणि बिनसुईची एक सिरिंज. हे सगळं फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी, आणि द्यायचं कुणी, तर आपण, रात्री, एकट्याने. आमच्या नर्सबाईंनी सिरिंजमध्ये साधं पाणी भरून माझ्याकडून आणि नवऱ्याकडून पाच-पाच वेळा करून घेतलं, गालाच्या आत कसं सोडायचं, किती वाजता दिलं ते कागदावर कसं लिहायचं, आणि सिरिंजवर रंगीत टेपने खूण करून दिली की इथपर्यंतच भरायचं. ती अर्ध्या तासाची शिकवणी झाली नसती तर मी त्या बाटलीला हातच लावला नसता, मॉर्फिन म्हटलं की आपल्याला वाटतं आपणच माणसाला मारतोय. तर तो "शिकवलं का" वाला आकडा जरूर बघा.

सर्व्हेशिवाय आणखी दोन आकडे आहेत जे बिलांवरून काढतात, म्हणजे कुणाला काय वाटलं ते नाही, प्रत्यक्षात कोण किती वेळा गेलं ते. माझ्या दृष्टीने सगळ्या साइटवरचा सगळ्यात बोलका आकडा यातला पहिला: शेवटच्या तीन दिवसांपैकी किमान दोन दिवस नर्स किंवा सोशल वर्कर स्वतः येऊन गेले का. फोनवर नाही, स्वतः. देशाची सरासरी निम्म्याच्या आसपास फिरते, म्हणजे जवळजवळ निम्म्या घरांत हे होत नाही. आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की शेवटच्या सात दिवसांतल्या अशा भेटींसाठी मेडिकेअर २०१६ पासून तासाचे वेगळे जादा पैसे देतं. जादा पैसे मिळत असूनही जे जात नाहीत त्यांच्याकडे एक तर माणसं नाहीत किंवा आपला पेशंट जायला आलाय हे ओळखणारी नजर नाही. आमच्या यादीत एकाचा आकडा ७०च्या वर होता आणि एकाचा २०च्या खाली, आणि त्या विसाखालच्याचे ॲडमिशनचे मार्क होते १००.

थोडं न्यायाने बोलायचं तर काही माणसं अचानक जातात, सकाळी चहा घेतात आणि दुपारी नाहीत, तिथे कुणी येणार कसं. काही घरं म्हणतात आता कुणी येऊ नका. त्यामुळे ९०-१०० कुणाचंच अपेक्षित धरू नका, पण आजूबाजूच्या हॉस्पिसशी तुलना करा, पेशंट सगळीकडे साधारण तसेच असतात.

दुसरा आकडा म्हणजे हॉस्पिस केअर इंडेक्स, दहापैकी मार्क. इथेही बहुतेकांना आठ, नऊ, दहा मिळतात त्यामुळे दहा बघून हुरळून जाऊ नका, पण सहा-सात असेल तर का ते शोधा. दहा मार्क दहा वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत: दोन भेटींमध्ये सात दिवसांपेक्षा जास्त अंतर पडतं का, शनिवार-रविवारी नर्स जाते का, जास्त त्रास झाला तर घरी सलग नर्सिंग किंवा हॉस्पिटलसारखी सोय हे देतात का, शेवटी भेटी होतात का, आणि पेशंटला मधेच डिस्चार्ज करतात का. हे शेवटचं जरा समजून घ्या. हॉस्पिसमधून जिवंत डिस्चार्ज होणं कधी कधी चांगलंही असतं, पेशंट खरंच सुधारला, किंवा त्याने स्वतः मन बदललं, तो त्याचा हक्क आहे, केव्हाही बाहेर पडता येतं. पण एखाद्या ठिकाणी असं फारच होत असेल तर दोन शंका येतात. एक, मुळात जे मरणाला टेकलेले नाहीत अशांना गोळा करून भरती केलंय. दोन, पेशंट महाग व्हायला लागला की सोडून देतात, मग तो हॉस्पिटलात जातो, आणि तिथेच वारतो किंवा परत हॉस्पिसमध्ये येतो. या फरफटीचे दोन वेगळे मार्क आहेत त्या दहांत.

फॉर-प्रॉफिट (नफ्यासाठी चालवलेलं) की नॉन-प्रॉफिट, हा प्रश्न हमखास येतो. अमेरिकेतली साधारण तीनचतुर्थांश हॉस्पिस आता फॉर-प्रॉफिट आहेत. २०२३ मध्ये रँड या संशोधन संस्थेच्या संशोधकांनी लाखो घरच्यांचे सर्व्हे तपासले आणि सरासरीने नॉन-प्रॉफिटमधला अनुभव बरा निघाला, पण दोन्हींकडे चांगलीही होती आणि वाईटही. मी बरोबरीत असतील तेव्हाच हे बघा म्हणेन, म्हणजे बाकी सगळं सारखं असेल तर नॉन-प्रॉफिट.

त्यापेक्षा मी मेडिकेअरची मान्यता कधी मिळाली ती तारीख बघेन, ती साइटवरच असते. कारण मधल्या काळात काही ठिकाणी हॉस्पिसचं पीकच आलं. लॉस एंजेलिसच्या बाजूला एकेका बिल्डिंगच्या पत्त्यावर डझनभर हॉस्पिस, आत कुणी नाही, असे प्रकार सापडले, कॅलिफोर्नियाने २०२२ पासून नवी लायसन्स देणंच थांबवलं आणि २०२३ मध्ये मेडिकेअरने कॅलिफोर्निया, नेवाडा, ॲरिझोना, टेक्सास इथल्या नव्या हॉस्पिसवर जादा नजर ठेवायला सुरुवात केली. आपल्या मंडळींना याचा एक विशेष धोका आहे. मंदिरात, सीनियर सेंटरमध्ये, बीपी तपासायच्या कॅम्पमध्ये कुणी येऊन म्हणालं की काका मेडिकेअर कार्ड दाखवा, घरी फुकट नर्स येईल, व्हीलचेअर मिळेल, तर कार्ड दाखवू नका. अशाने धडधाकट माणूस कागदोपत्री हॉस्पिसमध्ये जातो आणि मग गुडघ्याचं ऑपरेशन करायला गेल्यावर कळतं की मेडिकेअर पैसे देत नाहीये.

आणि सरकारी तपासणीचा भरवसा किती? २०१९ मध्ये आरोग्य खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलने पाच वर्षांच्या तपासण्या चाळल्या तर ८० टक्क्यांहून जास्त हॉस्पिसमध्ये काही ना काही त्रुटी सापडली होती. किरकोळही असतात म्हणा त्यात. तपासणी तीन वर्षांतून एकदा तरी व्हायलाच हवी असा कायदा आहे, म्हणजे शेवटची कधी झाली आणि काय निघालं हे हॉस्पिसला थेट विचारता येतं. कसं उत्तर देतात ते ऐका, काय देतात त्याहीपेक्षा.

तर आकड्यांवरून मी रात्री दीडपर्यंत अकराचे चार केले. नवरा तोवर झोपला नव्हता, पण मदतही करत नव्हता, सोफ्यावर नुसता बसून होता. एकदाच म्हणाला, आपण बाबांना सोडून देतोय असं वाटतं. मी काही बोलले नाही, माझ्यासमोर लॅपटॉप होता म्हणून मला बरं पडलं.

चारांना फोन करायचे होते ते मी सकाळी ऑफिस उघडल्यावर करणार होते, पण आमच्या ओळखीच्या एका काकूंनी आधी एकदा सांगितलेलं आठवलं. त्यांच्या मिस्टरांच्या वेळी ब्रोशरवर "चोवीस तास, सातही दिवस" असं छापलेलं, शनिवारी रात्री त्यांना दम लागला, फोन केला तर तो आन्सरिंग सर्व्हिसला, तिने निरोप घेतला, पाऊण तासाने नर्सचा उलट फोन, ती दोन काउंटी (जिल्हे) पलीकडे, आणि ती पोचली तेव्हा पहाटेचे साडेतीन. तोवर काकूंनी घाबरून ९११ला (इमर्जन्सीचा नंबर) फोन केलेला आणि काका इमर्जन्सीत. तेव्हा मी काय केलं, रात्री दीड वाजताच चारही नंबर फिरवले. खरं सांगितलं, की इमर्जन्सी नाहीये, सासऱ्यांसाठी हॉस्पिस निवडतोय, एवढंच सांगा की आत्ता माझ्या घरी त्रास झाला असता तर हा फोन कुणी घेतला असता आणि कोण, कुठून, किती वेळात आलं असतं. एकाने सकाळी फोन करा म्हणून ठेवला. एकाचा आन्सरिंग सर्व्हिसला, बाई चांगली होती पण तिला आमचं गाव माहीत नव्हतं. एकाकडून दहा मिनिटांत नर्सचा फोन आला. आणि चौथ्यात फोन नर्सनेच उचलला, मागे वायपरचा आवाज येत होता, म्हणाली मी एका पेशंटकडून निघालेय, आज रात्री तीन काउंटींना आम्ही दोघी आहोत, तुमच्याकडे यायला चाळीस मिनिटं तरी लागली असती, पाऊस आहे ना. मला ते चाळीस मिनिटं फार आवडले. बाकी सगळे लवकरात लवकर म्हणतात.

सकाळी मग उरलेल्या दोघांना नेहमीचे प्रश्न. एका नर्सकडे किती पेशंट असतात. तीच नर्स दर वेळी येईल की रोज नवीन. एड आंघोळीला आठवड्यातून किती वेळा. घरात आवरेनासं झालं तर पेशंटला कुठे हलवता, तुमचं स्वतःचं युनिट आहे की कुठल्या हॉस्पिटलशी करार आहे, आणि गेल्या महिन्यात तसं कुणाला हलवलं का. मी थकले तर पाच दिवसांचं रेस्पाइट मिळतं ते नेमकं कुठे मिळेल. आत्ता चालू असलेल्या गोळ्यांपैकी कुठल्या तुम्ही देणार नाही. या शेवटच्याचं उत्तर लेखी मागता येतं, २०२० पासून तसा नियमच आहे, मागितलं तर यादी द्यावीच लागते. आम्ही मागितली, एक महागडी गोळी त्यात होती, पण ती आता का नको हे डॉक्टरांनी नीट समजावलं आणि पटलं.

आणि भाषा. हा प्रश्न मी विचारायला विसरले असते. बाबा तीस वर्षं इथल्या कंपनीत इंजिनिअर, इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं, पण शेवटच्या महिन्यात ते हळूहळू मराठीत गेले, मग मराठीतही कोल्हापूरकडच्या. नर्स विचारायची दुखणं शून्य ते दहात किती, बाबा म्हणायचे "आग हुतीया गं". दहापैकी किती ते काय सांगणार. दुभाषा फोनवर द्यायला हॉस्पिस बांधील आहे, फुकट, पण मराठी मागून घ्या स्पष्ट, नाहीतर इंडियन म्हणून हिंदीवाला देतात. चॅप्लेन नको असेल तर नको म्हणता येतं, आम्ही त्याला दोनदा येऊ दिलं, भला माणूस होता, बाबांशी बेसबॉलवर बोलायचा.

एक दिलासा म्हणजे निवड चुकली तरी अडकून पडत नाही. प्रत्येक मुदतीत एकदा हॉस्पिस बदलता येतं, ९० दिवसांत एकदा, मग पुढच्यात परत, फायदे जात नाहीत. काकूंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. आणि डीएनआरवर (हृदय थांबलं तर सीपीआर नको असं लिहून देणं) सही केल्याशिवाय घेणार नाही असं कुणी म्हणालं तर ते चुकीचं आहे, सही ही वेगळी गोष्ट आहे, सावकाश ठरवा.

आम्ही तो पाऊस आणि चाळीस मिनिटंवाल्यांना घेतलं. तारे मधलेच, सगळ्यात जास्त काही नव्हते.

बाबा गेल्यावर दोनेक महिन्यांनी तो सर्व्हे आमच्याही घरी आला, नवऱ्याच्या नावाने. इंग्लिशमध्ये, मराठी-हिंदीत तो येत नाही, त्यामुळे आपल्यातल्या ज्या आज्यांनीच सगळं केलेलं असतं त्यांचं मत कधी पोचत नसावं. आठवडाभर फ्रीजवर चुंबकाखाली होता, मग एका रविवारी नवरा पेन घेऊन बसला. मानाने वागवलं का, नेहमी. शिकवलं का, हो नक्कीच. मग वेळेवर मदतीच्या प्रश्नाला अडला. म्हणाला, ती एक रात्र आठवते ना, नर्सला यायला दीड तास लागला होता, बर्फ होतं. मी म्हटलं हो, पण बाकी दर वेळी आल्या की. तो म्हणाला, मग "नेहमी" कसं लिहू, बाबांना खोटं चालायचं नाही. आणि "बहुतेक वेळा"वर खूण केली.